मोडीतले कथील



विषयाच्या नावात 'मोडी' हा शब्द पाहून पेशवे दप्तरातील लिपीविषयी काही ऐकायला मिळेल अशा अपेक्षेने कोणी आले असतील, तर त्यांचा थोडा विरस होणार आहे. ही मोडी म्हणजे लिपी नव्हे. घरातले पातेले फुटले, घंगाळाला भोक पडले, समईचा पाय निखळला, म्हणजे आपल्या आज्या ते भांडे कासाराकडे मोडीत घालीत आणि वर चार पैसे देऊन नवे आणीत. ती ही मोड. मोडीत गेलेल्या भांड्याचे पुढे काय होते, ते कोणी विचारीत नसे. त्याचे पुढे जे होते, ती एक मोठी थोरली गोष्ट आहे. त्या गोष्टीचा नायक तांबे नव्हे, पितळही नव्हे. नायक आहे कथील.

कथील आपल्या ओळखीचे आहे ते कल्हईमुळे. आळीच्या तोंडाशी खड्डा खणून, भाता लावून कल्हईवाला बसे. भांडे तापवावे, नवसागराची भुकटी टाकावी, धूर निघाला की कथलाची कांडी लावावी आणि कापसाच्या बोळ्याने तो पांढरा रस सगळीकडे फिरवावा, की काळवंडलेले पितळ आतून चांदीसारखे होई. मुले तोंडात बोटे घालून बघत. ताक कळकू नये, आमटी हिरवी पडू नये म्हणून तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचे अस्तर हवेच. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम आले तेव्हापासून कल्हईवाल्याची हाक विरळ झाली, परंतु ती अजून बंद पडलेली नाही.

आता या दोन शब्दांकडे पाहा. 'कल्हई' हा शब्द अरबी 'कलई' यावरून आला. अरब भूगोलकार मलाया द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर 'कलाह' नावाचे बंदर सांगतात; तिथून येणारे ते कलई, म्हणजे कथील. 'कथील' हा शब्द संस्कृत 'कस्तीर' या शब्दाचा वंशज, आणि या कस्तीराचा ग्रीकांच्या 'कासितेरोस'शी संबंध आहे हे उघड दिसते. संस्कृतात त्रपु आणि वंग हीही नावे आहेत. एका धातूला इतकी नावे का? माल ज्या ज्या वाटेने आला त्या त्या वाटेची धूळ नावाला लागली, असे मला वाटते. घरच्या खाणीतल्या वस्तूला माणसे इतकी परकी नावे घेत नाहीत.

खरी गोष्ट अशी की कथील जगात थोडे आहे, आणि जे आहे ते मोजक्या ठिकाणी साठलेले आहे. पृथ्वीच्या कवचात त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे दोन भाग. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल, जर्मनी आणि बोहेमियाच्या सीमेवरचे डोंगर, मध्य आशिया, मलाया, इंडोनेशियातील बांका व बिलिटन ही बेटे, चीनचा युन्नान प्रांत आणि दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया, अशी नावे बोटांवर मोजता येतात. आपल्या देशात छत्तीसगडच्या दंतेवाडा भागात थोडेसे कथील सापडते, पण तेही गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ध्यानात आले. महाराष्ट्राच्या काळ्या कातळात तर ते मुळीच नाही. मग तांब्यात कथील मिसळून कांसे करणाऱ्या आपल्या ओतार्‍यांनी हजारो वर्षे ते आणले कुठून?

या प्रश्नाचे एक उत्तर रोमन ग्रंथकार प्लिनी याने देऊन ठेवले आहे. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इसवी सन 79 मध्ये हा गृहस्थ मेला. त्याच्या सृष्टिवर्णनपर प्रचंड ग्रंथाच्या 34 व्या भागात तो सांगतो की हिंदुस्थानात तांबेही नाही आणि शिसे-कथीलही नाही. हिंदी लोक आपली रत्ने आणि मोती देऊन ते घेतात. तांब्याबाबत त्याची माहिती चुकीची आहे, कारण राजस्थानच्या खेत्री भागात तांबे फार जुन्या काळापासून निघत आले आहे. पण कथिलाबाबत तो बरोबर आहे. त्याच शतकातला एक अनामिक ग्रीक व्यापारी 'पेरिप्लस' नावाची बंदरांची जंत्री लिहून गेला. तीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे अशी तिन्ही नावे आहेत. या भडोचच्या पोटातल्या पेठा म्हणून तो पैठण आणि तेर यांची नावे घेतो. सातवाहनांनी तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची 'पोटीन' नाणी पाडली. ती नाणी हातात घेताना आपण परदेशी धातू हातात घेतो आहोत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्लिनीच्या त्याच परिच्छेदात आपल्या विषयाला फार उपयोगी अशी आणखी एक गोष्ट आहे. कथील खरे की खोटे ते कसे ओळखावे? तो म्हणतो, वितळलेला रस कागदावर, म्हणजे त्या काळच्या पपायरसवर ओतावा. कागद उष्णतेने न जळता वजनाने फाटला असे दिसले, तर माल चोख. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, शिसे 327 ला. चोख कथिलाचा रस तसा 'थंड'; म्हणून कागद करपत नाही. परीक्षा ढोबळ आहे, पण तिची गरज पडली यावरूनच बाजार कसा होता ते कळते. प्लिनी सरळ सांगतो की लबाड लोक कथिलात शिसे मिसळतात. दोन भाग शिसे व एक भाग कथील या मिश्रणाला एक नाव होते, निम्मे-निम्मे मिश्रणाला दुसरे महाग नाव होते, आणि पहिल्याला दुसऱ्याच्या भावाने विकण्याच्या युक्त्या होत्या. त्यातले पहिले मिश्रण नळ झाळण्यासाठी वापरीत. दोन हजार वर्षांनी आजचा नळकारागीर शिशाचा सांधा जोडताना जवळपास त्याच प्रमाणाचे झाळण वापरतो.

म्हणजे कथिलाच्या इतिहासात पहिल्यापासून दोन चिंता आहेत. एक, ते मिळेल कुठे? आणि दुसरी, जे मिळाले ते कथीलच आहे कशावरून? मोडीच्या मालाला दुसरी चिंता अधिकच लागू पडते.

आपण समजतो की भंगार गोळा करणे हा अलीकडचा, शहरी, गरिबीचा धंदा आहे. तसे नाही. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर गेलिदोन्या नावाचे भूशिर आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 1200 मध्ये तिथल्या खडकावर आदळून एक लहानसे गलबत बुडाले. 1960 साली जॉर्ज बास या तरुण अमेरिकन संशोधकाने पाण्याखाली सुमारे 90 फूट खोल जाऊन त्याचे रीतसर उत्खनन केले. समुद्रतळावर शास्त्रीय पद्धतीने पूर्ण केलेले हे पहिले उत्खनन मानतात. गलबतात काय सापडले? तांब्याच्या लाद्या होत्या. टोपल्यांत भरलेली मोडकी हत्यारे होती: कुऱ्हाडी, कुदळी, चाकू यांचे तुकडे. शिवाय पांढरट, टूथपेस्टसारखा दिसणारा एक चिकट गाळ होता. तपासणीत तो कथिलाचा गंज निघाला. समुद्राने कथलाच्या लाद्या खाऊन टाकून मागे तेवढेच ठेवले होते. बास यांनी त्यावरून चित्र उभे केले ते एका फिरत्या लोहार-कासाराचे. तो बंदरोबंदर जाई, मोड घेई, तांबे व कथील घालून नवी हत्यारे ओतून देई. आमच्या आळीतला 'मोडऽऽ भांडी' ओरडणारा माणूस आणि हा होडीवरचा माणूस यांच्यामध्ये बत्तीसशे वर्षे आहेत, पण धंदा तोच आहे.

या शोधाला एक मोठी गमतीची बाजू आहे. बुडालेल्या गलबताची बातमी संशोधकांना दिली ती स्पंज काढणाऱ्या तुर्की पाणबुड्यांनी. धातूचा तो ढीग सुरुंगाने फोडून वर काढावा आणि मोडीत विकावा, असा त्यांच्यापैकी एकाचा बेत चालला होता! तो बेत पार पडला असता, तर बत्तीस शतकांपूर्वी मोडीत निघालेला माल अखेर आपल्या मुक्कामाला पोचला असता आणि आपल्याला या गोष्टीचा पत्ताही लागला नसता.

त्याच किनाऱ्यावर उलुबुरून येथे आणखी जुने, सुमारे इसवी सनापूर्वी 1300 चे, एक जहाज सापडले. 1984 ते 1994 अशी अकरा मोसम त्याचे काम चालले. त्यात सुमारे दहा टन तांबे आणि सुमारे एक टन कथील होते. दहाला एक, हे कांशाच्या हत्यारांचे बरोबर प्रमाण. हा राजेरजवाड्यांचा माल. गेलिदोन्याचे गलबत गरिबाचे, आणि मोड होती ती गरिबाच्या गलबतात. इंग्लंडमध्ये आयलहॅम येथे 1959 साली एका खड्ड्यात कांशाचे साडेसहा हजारांहून अधिक तुकडे सापडले, तेही बहुतेक असेच वितळवायला राखलेले. पण या तुकड्यांत एक अडचण असते, आणि ती प्रत्येक ओतार्‍याला ठाऊक असते. कांसे पुनःपुन्हा वितळवले की दर खेपेला त्यातले थोडे कथील हवेशी संयोग पावून मळीत जाते. तांबे राहते, कथील घटते. म्हणून नुसत्या मोडीवर भागत नाही. अधूनमधून ताज्या कथिलाची भर घालावीच लागते.

ती भर मिळाली नाही तर काय? आपल्याच प्रांतातील एक उदाहरण सांगतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे गाव आहे. 1974 साली तिथे ओतीव धातूच्या चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. इतकी भरीव आणि देखणी ओतकामे त्या काळची क्वचितच असतील. त्यांचे पृथक्करण झाले तेव्हा तांब्यात एक टक्क्याहून अधिक सोमल, म्हणजे आर्सेनिक आढळले. या मूर्ती नेमक्या कोणत्या काळातल्या, याविषयी पंडितांत वाद आहे आणि त्यात आज मी शिरत नाही. पण सोमलाने तांबे कठीण होते, हे जगातल्या पुष्कळ जुन्या ओतार्‍यांना कथिलाच्या आधीपासून माहीत होते. फरक इतकाच की सोमलाचा धूर माणूस मारतो. कथील दुर्मीळ असूनही त्याने सोमलाला हटवले, त्याचे हेही एक कारण असावे.

पुढे कांशाची कृती आपल्याकडे इतकी पक्की झाली की ती ग्रंथात गेली. 'रसरत्नसमुच्चय' या रसशास्त्रावरील ग्रंथात आठ भाग तांबे व दोन भाग कथील वितळवून कांसे करावे असे सांगितले आहे. कथिलाचे खुरक आणि मिश्रक असे दोन प्रकारही तिथे दिले आहेत. मिश्रक या नावातच प्लिनीची तक्रार आली! आठास दोन म्हणजे शेकडा वीस. हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण आता मी तुम्हाला विजापूरला नेणार आहे.

विजापूरच्या तटावरील मुलुखमैदान तोफ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती विजापूरची नव्हे, आपल्या नगरची. इसवी सन 1549 मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत महंमद रूमी या ओतार्‍याने ती नगरला ओतली. रूमी म्हणजे तुर्की मुलखातला. ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. तिथून 1632 मध्ये मुरारपंताने ती विजापुरास नेली. लांबी सुमारे चौदा फूट, वजन सुमारे 55 टन. इंग्रजी अमदानीत तिच्या धातूचे पृथक्करण झाले ते असे: शंभरात तांबे 80.427, कथील 19.573. रसरत्नसमुच्चयाची आठास दोन ही कृती आणि नगरच्या भट्टीतून निघालेली ही तोफ यांत अर्ध्या टक्क्याचा देखील फरक नाही. वास्तविक तोफेला इतके कथील नको. दहा टक्के पुरे, जास्त झाले की धातू ठिसूळ होतो. हे प्रमाण घंटेचे आहे. म्हणूनच मुलुखमैदानावर दगड मारला की ती घंटेसारखी वाजते असे सांगतात.

पण मला तोफेचा पराक्रम सांगायचा नाही, तिच्या लिलावाचा सांगायचा आहे. सातारचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले आणि त्याबरोबर विजापूरही इंग्रजांकडे आले. 1854 मध्ये साताऱ्याच्या कमिशनराने हुकूम सोडला की विजापुरात पडून असलेले निरुपयोगी सरकारी सामान लिलावाने विकून टाकावे. त्या सामानात मुलुखमैदानाचाही समावेश होता. लिलाव पुकारला गेला. सर्वांत वरची बोली किती आली असेल? दीडशे रुपये! पंचावन्न टन कांसे, त्यात दहा टनांहून अधिक कथील, आणि किंमत दीडशे रुपये. बोली बोलणाऱ्याला धातूचा भाव कळत नव्हता असे नाही. तो डोंगर फोडायचा कसा आणि न्यायचा कसा, हा त्याचा हिशेब होता. तिथल्या अधिकाऱ्याने वर कळवले की किंमत फारच कमी येते आणि लोकांची या तोफेवर भक्ती आहे, तरी ती राहू द्यावी. विक्री रद्द झाली. मुलुखमैदान वाचली ती भक्तीमुळे की वजनामुळे, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. माझे मत वजनाकडे झुकते. हलक्या तोफांनाही भक्त होतेच, पण त्यांतल्या पुष्कळशा आज कुठे आहेत?

घंटेचा विषय निघाला आहे तर वसईकडे वळू. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली 1721 सालची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा, भीमाशंकरची घंटा, अशा काही आजही टांगलेल्या आहेत. अंगावर क्रूस, आणि वाजवणारा हात शंकराच्या भक्ताचा. विजयाची खूण म्हणून त्या टांगल्या, हे खरेच. पण ओतार्‍याच्या नजरेने पाहा. घंटेत शेकडा वीस-बावीस कथील असते. हजार किलोंची घंटा म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या आसपास कथिलाची खाण, आणि ज्या प्रांतात खाण नाही त्या प्रांतात. ती भट्टीत न जाता देवळात गेली, हे मला तरी विशेष वाटते.

युरोपात याच्या उलट झाले. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली. 1791 पासून घंटांच्या धातूची नाणी पाडू लागले, आणि 23 जुलै 1793 च्या ठरावाने प्रत्येक गावच्या चर्चला एकच घंटा ठेवून बाकीच्या तोफांसाठी उतरवल्या गेल्या. आता हिशेब बघा. घंटेत बावीस टक्के कथील, तोफेला हवे दहा. हजार किलोंच्या घंटेची तोफ करायची तर आणखी बाराशे किलो तांबे पाहिजे; तेव्हा कुठे बावीसशे किलोंत दोनशे वीस किलो कथील, म्हणजे दहा टक्के होते. फ्रान्समध्ये तांब्याचाच तोटा. मग फूर्क्रवा वगैरे रसायनज्ञांना प्रश्न टाकला गेला की घंटेतून कथील वेगळे काढून द्या. त्यांनी युक्ती काढली ती अशी. घंटेच्या धातूचा काही भाग आधी भाजून त्याचे भस्म करायचे. ते भस्म उरलेल्या वितळलेल्या धातूत ढवळायचे. भस्मातला प्राणवायू कथील पकडते, मळी होऊन वर येते आणि तांबे खाली राहते. ओतार्‍याची जी जुनी कटकट, की वितळवताना कथील जळून जाते, तिचाच त्यांनी उपयोग करून घेतला.

विसाव्या शतकात हेच पुन्हा झाले, आणि फार मोठ्या प्रमाणावर. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, जर्मनीने घंटा तर उतरवल्याच, शिवाय चर्चमधील ऑर्गन वाद्यांच्या दर्शनी नळ्याही काढून नेल्या, कारण त्या जवळजवळ शुद्ध कथिलाच्या असत. दुसऱ्या महायुद्धात घंटांची प्रतवारी झाली. 'अ' वर्ग अलीकडच्या घंटांचा, तो सरळ भट्टीत. 'ड' वर्ग ऐतिहासिक, तो जागच्या जागी ठेवायचा. मधले दोन वर्ग वाट बघत हॅम्बुर्गच्या धक्क्यावर रचलेले. सर्व युरोपातून सुमारे 1,75,000 घंटा गेल्या आणि त्यांपैकी सुमारे 1,50,000 परत आल्या नाहीत. युद्ध संपल्यावर पर्सिव्हल प्राइस या कॅनेडियन घंटावादकाने उरलेल्या घंटांवर अभ्यास केला. त्या सगळ्या घंटांचा सूर टिपून ठेवलेला नव्हता. वितळलेली घंटा पुन्हा ओतता येते, पण तो सूर पुन्हा येतोच असे नाही.

दोस्त राष्ट्रांचीही स्थिती वेगळी नव्हती. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले, मार्चमध्ये डच ईस्ट इंडीज गेले. म्हणजे मलाया, बांका, बिलिटन, जगाचे निम्म्याहून अधिक कथील जपानच्या हाती. अमेरिकेत त्याच वर्षी 1 एप्रिलपासून नियम झाला की टूथपेस्टची किंवा दाढीच्या साबणाची नवी नळी हवी असेल तर जुनी रिकामी नळी दुकानात परत करावी. त्या नळ्या तेव्हा कथलाच्या असत. अमेरिकन सेंटमधले कथील 1942 च्या अखेरीस काढून टाकले, 1943 चा सेंट तर पोलादाचा पाडला. टेक्सास सिटीत बोलिव्हियाची कच्ची माती आणून कथील गाळण्याचा कारखाना घाईघाईने उभा राहिला. आणि आपल्याकडे? आपल्याकडे 1943 मध्ये भोकाचा पैसा आला. पूर्वीचा पैसा पाच ग्रॅमला थोडा कमी. हा भोकाचा दोन ग्रॅमचा. मुलांना तो करगोट्यात ओवायला सोयीचा झाला. सरकारने मात्र भोक पाडले होते ते धातू वाचवण्यासाठी.

आता आजच्या काळात या. घरी बसून छोटेसे ओतकाम करावे, एखादी मूर्ती, पणती, घंटी स्वतः ओतावी, असा नाद असलेली माणसे आपल्या शहरातही आहेत. विकतचे चोख कथील तांब्याहून कितीतरी महाग. तेव्हा त्यांचीही नजर मोडीकडेच जाते, आणि पहिली नजर चुकीच्या ठिकाणी जाते. 'टिनचा डबा' म्हणतो म्हणून त्यात टिन भरपूर असेल असे वाटते. रॉकेलचा डबा, बिस्किटाचा डबा म्हणजे लोखंडी पत्रा. कथील त्यावर नावापुरते, शंभर किलो डब्यांत एखादा किलो किंवा त्याहूनही कमी. शिवाय तापवले की ते ठिबकत नाही, लोखंडातच मुरते. जर्मनीतल्या गोल्डश्मिट कंपनीने कोरड्या क्लोरीन वायूने ते सोडवण्याची रीत बसवली. क्लोरीन कथलाला खातो आणि कोरडा असेपर्यंत लोखंडाला शिवत नाही. पण हे कारखान्याचे काम, परसातले नव्हे. कुणीही घरी क्लोरीनच्या वाटेला जाऊ नये.

मग कुठे पाहावे? विलायती 'प्यूटर'चे जुने पेले आणि थाळ्या, ज्या जुन्या बाजारात चांदीच्या नावाखाली पडलेल्या असतात. त्यातले अलीकडचे बरेचसे कथील नव्वद टक्क्यांच्या वर असते, पण फार जुन्यात शिसे निघू शकते. जुन्या यंत्रांच्या धारव्यांतला पांढरा धातू, ज्याचे मूळ 1839 साली आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने बसवले. चांगल्या प्रतीत कथील नव्वदच्या आसपास, बाकी अँटिमनी व तांबे. परंतु याच नावाने शिशाचा स्वस्त धातूही खपतो. विजेच्या उपकरणांच्या कारखान्यातले उरलेले झाळण: 2006 मध्ये युरोपने शिशावर बंदी घातल्यापासून बिनशिशाचे झाळण सर्वत्र झाले आणि ते बहुतेक सगळे कथीलच असते. जुन्या रेडिओतले झाळण मात्र साठ कथील, चाळीस शिसे. आणि चौथी जागा सांगताना मला बरे वाटत नाही: छापखान्यातले खिळे. खिळ्यांचा धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि थोडे कथील. ऑफसेट छपाई आल्यावर गावोगावच्या छापखान्यांतले देवनागरी टाइप किलोच्या भावाने गेले. मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखान्यासाठी जे सुबक वळण घडवले, ज्या वळणावर आपल्या आजोबांनी वाचन शिकले, तसल्या अक्षरांचे पेटारे कढईत गेले, आणि त्यातून हाती आलेले कथील किती? शंभरात चार-पाच, फार तर दहा. कुणाच्या घरी जुने खिळे असतील तर ते वितळवण्याआधी एकदा शाई लावून कागदावर उमटवून तरी ठेवावेत.

पारख करायची रीत सोपी आहे. चोख कथलाची कांडी कानाशी धरून वाकवावी, ती कुरकुरते; ओतारी त्याला कथलाचे रडणे म्हणतात. शिसे रडत नाही. कागदावर घासावे, शिसे काळसर रेघ ओढते. दोन्हींपेक्षा खात्रीचा तो वजनाचा तोल, जो इंग्लंडचे प्यूटर कारागीर वापरीत. एकाच साच्यात एक गोळी चोख कथलाची ओतावी, एक संशयित मालाची, आणि सोनाराच्या काट्यावर दोन्ही ठेवाव्यात. कथलाची गोळी 73 ग्रॅम भरली, तर निम्मे शिसे असलेली 89 च्या आसपास भरेल, नुसत्या शिशाची 113. पण लक्षात ठेवा, अँटिमनी कथलाहून हलके आहे. शिशाबरोबर अँटिमनीही असेल, जसे खिळ्यांत असते, तर काटा थोडा फसवतो. म्हणून काटा, रेघ आणि कान अशा तिन्हींची साक्ष घ्यावी.

मोड आधी पूर्ण वाळवावी. ओला तुकडा वितळलेल्या रसात पडला तर त्यातल्या पाण्याची एकदम वाफ होऊन रस तोंडावर उडतो. शिशाच्या संशयाचा माल घरात, स्वयंपाकाच्या भांड्यात, मुलांच्या आसपास वितळवू नये. धूर दिसला नाही म्हणजे विष नाही असे नव्हे. वरची राखाडी मळी, तिची धूळ, न धुतलेले हात, यांतूनच शिसे पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते.

आणि शेवटचा प्रश्न, जो माताभगिनींना सर्वांत जवळचा वाटेल: मोडीतून काढलेल्या या कथलाने घरच्या भांड्यांना कल्हई करावी का? मुळीच करू नये. त्यात शिशाचा अंश किती हे काटा, रेघ, कान यांपैकी कोणीही शेवटच्या टक्क्यापर्यंत सांगू शकत नाही, आणि आंबट ताक, चिंच, लिंबू शिशाला सहज ओढून घेतात. कल्हईवाल्याला घरी बोलवाल तेव्हा त्याच्या हातातली कांडी कुठली, हे विचारावे. ती अख्ख्या लादीतून काढलेली असेल तर बरे. मोडीच्या कथलाची घंटी ओतावी, समईचा मोर ओतावा, बैलाच्या गळ्यातला घुंगरू ओतावा. पितळी पातेल्याच्या आत ते जाता कामा नये.